हक आणि हक्क

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मामूंचे घर आवरायला घेतले. माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक निघाली. आमचे मामू बोटीवर होते. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात 'बोटीवर' एवढे सांगितले की पुरते. कोणत्या बोटीवर आणि काय काम, हे पुढे कोणी विचारत नाही. ट्रंकेत जहाजावरच्या नोकरीचे जुने पुस्तक होते, कोकणात कोणी घालणार नाही असे दोन लोकरीचे स्वेटर होते आणि फडक्यात गुंडाळलेली एक मोठी काळी रेकॉर्ड होती. तिच्या पाकिटाला बुरशी लागली होती. पाकिटावर काळा चष्मा घातलेल्या एका माणसाचा फोटो आणि इंग्रजीत लांबलचक नाव : 'मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक'. गाणारा रे चार्ल्स.

मामूंनी ती कोणत्या बंदरात घेतली, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. त्यांच्या घरात रेकॉर्ड वाजवायचे यंत्र कधीच नव्हते. म्हणजे ऐकण्यापेक्षा जपण्यासाठीच त्यांनी ती आणली असावी. मी ते नाव मोबाइलवर शोधले आणि रात्री मुले झोपल्यावर इअरफोन लावून ऐकत बसले. बारा गाणी, साधारण चाळीस मिनिटे. पुढे महिनाभर ऐकत राहिले. आणि ऐकता ऐकता माझ्याच हातून घडलेली एक जुनी गोष्ट मनात वर आली. हा लेख खरे तर त्या गोष्टीसाठी लिहिते आहे. पण आधी रेकॉर्डविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर माझी चूक काय होती ते नीट कळणार नाही.

सुरुवातीलाच एक खुलासा. संगीत ऐकावे की नाही, या वादात मी इथे शिरत नाही. तो वाद जुना आहे आणि जाणत्यांचा आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले, चिश्ती बुजुर्गांनी समाअला इबादतीच्या वाटेवर जागा दिली, आणि तितक्याच मोठ्या लोकांनी त्याला मनाईही केली. ज्यांना ते मान्य नाही त्यांचा मी अदब करते. माझा प्रश्न वेगळा आहे. एखादे गाणे, एखादी भाषा, एखादी चाल कोणाची असते? आणि जी आपली नाही असे लोक म्हणतात, ती तोंडात घेणारा माणूस नेमके काय करत असतो?

रे चार्ल्सचा जन्म 1930 मधला, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला. वाढला फ्लोरिडातल्या ग्रीनव्हिल नावाच्या छोट्या गावात. आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत धुण्याच्या टबात बुडून गेला आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याची स्वतःची नजर जायला लागली. सातव्या वर्षापर्यंत पूर्ण अंधार झाला. आईने त्याला सेंट ऑगस्टिन गावच्या सरकारी अंध-मूकबधिर शाळेत घातले. त्या शाळेत गोऱ्या मुलांचा विभाग वेगळा आणि कृष्णवर्णीय मुलांचा वेगळा होता. ज्या लेकरांना कोणताच रंग दिसत नव्हता, त्यांचीही वाटणी रंगावरून केलेली होती. मी शिक्षिका आहे. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

पण रेडिओच्या लहरींना वेगळे विभाग नव्हते. शनिवारी रात्री नॅशव्हिलहून 'ग्रँड ओल ऑप्री' नावाचा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि हा मुलगा तो ऐकायचा. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या खेडुतांचे गाणे. त्यात शेत, रेल्वे, दारू, तुटलेले प्रेम, देवाची भीती. बरोबर फिडल, बँजो, गिटार. हे गोऱ्या लोकांचे गाणे, अशी सगळ्यांची समजूत होती. आई वारल्यानंतर पंधराव्या वर्षी हा मुलगा पोटासाठी बाहेर पडला आणि पुढे काही दिवस टँपा शहरात 'फ्लोरिडा प्लेबॉइज' या गोऱ्यांच्या कंट्री बँडमध्ये त्याने पियानो वाजवला. त्यांची गाणी त्याला पाठ होती, हीच त्याची शिफारस.

मोठा झाल्यावर त्याने जे केले ते धाडसाचे होते. चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या भक्तिगीतांची चाल आणि आवेश घेऊन त्याने त्यावर दुनियादारीची, स्त्री-पुरुष प्रेमाची गाणी रचली. 1954 साली रेकॉर्ड झालेले 'आय गॉट अ वुमन' हे त्यातले गाजलेले. ज्याला पुढे 'सोल' म्हणजे रूह असे नाव मिळाले, त्या गाण्याची ही पायाभरणी. चर्चची भाविक माणसे संतापली. देवाची चाल बाजारात नेली, असे ती म्हणाली. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर नात बसवली की जो वाद होतो, त्याचीच ही उलटी बाजू. तिथे बाजारातली चाल दरबारात येते, इथे दरबारातली बाजारात गेली. भाविकांचे दुःख मला खोटे वाटत नाही. जी चाल ऐकून डोळे मिटायचे, तीच हॉटेलात ऐकू आली तर माणूस दुखावणारच. एवढेच म्हणते की रे चार्ल्सने ती चाल चोरून आणली नव्हती. ती त्याच्या बालपणातल्या चर्चमधून त्याच्या अंगात आलेली होती.

मग आले 1962. तोपर्यंत तो मोठा झाला होता. 1959 च्या अखेरीस त्याने जुनी कंपनी सोडून एबीसी-पॅरामाउंटशी करार केला होता आणि त्या करारात रेकॉर्डच्या मूळ टेपांची मालकी शेवटी आपल्याकडे येईल, असे कलम घालून घेतले होते. त्या काळात गोऱ्या गायकांनाही सहसा न मिळणारी ही गोष्ट. त्या जोरावर त्याने कंपनीला सांगितले, मला कंट्री गाण्यांची रेकॉर्ड करायची आहे. कंपनीतले लोक घाबरले. आपले लोक तुटतील आणि त्यांचे लोक येणार नाहीत, असा तो हिशोब. निर्माता सिड फेलरने जुनी कंट्री गाणी जमवून दिली, त्यातून याने बारा निवडली. फेब्रुवारीत ध्वनिमुद्रण झाले आणि एप्रिलमध्ये रेकॉर्ड बाजारात आली.

आता ती कशी आहे ते सांगते. पहिलेच गाणे 'बाय बाय लव्ह'. पाच वर्षांपूर्वी एव्हर्ली ब्रदर्स या दोन गोऱ्या भावांनी ते गिटारवर हलकेफुलके गाजवलेले. इथे त्याच्यावर ट्रंपेट आणि सॅक्सोफोनचा ताफा तुटून पडतो आणि एखाद्या मोठ्या शहरातले दिवे एकदम लागावेत तसे होते. ते संपते न संपते तोच दुसरे गाणे. व्हायोलिनांचा संथ झुला, मागे कोरस, आणि जवळजवळ कुजबुजल्यासारखा आवाज. एक माणूस एका स्त्रीवर मनातल्या मनात प्रेम करतो, कधीच बोलत नाही, ती हस्तांदोलन करून दुसऱ्याबरोबर निघून जाते. 'यू डोन्ट नो मी' हे त्याचे नाव. असे साधारण एकाआड एक. एकदा नाचाचा ताफा, एकदा व्हायोलिन. कुठे जाझ, कुठे ब्लूज, कुठे चर्च, कुठे सिनेमातल्यासारखे गोड संगीत. बँजो मात्र नाही, फिडल नाही, कंट्रीची ओळख असलेली रडवी स्टील गिटारही नाही. शब्द आणि चाल तेवढी ठेवली, वेश सगळा बदलला.

खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी व्हायोलिने मला फार गोड वाटली. चहात साखर जास्त झाल्यासारखी. कोरस तर इतका गुळगुळीत की इस्त्री केलेला. नंतर हळूहळू लक्षात आले की त्या गुळगुळीत कापडावरच हा माणूस आपला खरखरीत आवाज ठेवतो, म्हणून तो खरखरीतपणा ऐकू येतो. हँक विल्यम्सचे 'यू विन अगेन' ऐकताना तर वाटते की हरलेला माणूस हरल्याचे सांगताना किती सरळ उभा राहू शकतो.

सगळ्यांत गाजले ते शेवटून दुसरे गाणे, 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू'. डॉन गिब्सन या कंट्री गायकाने लिहिलेले आणि 1958 मध्ये स्वतः गायलेले. सिड फेलरला ते कच्चे वाटले म्हणून त्याने ते मागे ढकलले होते. ते अमेरिकेच्या यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि रेकॉर्ड चौदा आठवडे. या गाण्याची रचना नीट ऐकण्यासारखी आहे. मूळ चाल गातो तो कोरस, त्यांच्या सरळ, गोऱ्या, चर्चच्या बाकावर बसल्यासारख्या पद्धतीने. रे चार्ल्स त्यांना उत्तर देतो. ते एक ओळ म्हणतात, हा तीच ओळ आपल्या जखमेतून काढून परत देतो. कव्वाल आणि त्याचे हमनवा यांचे नाते उलटे करावे तसे हे. आणि शेवटाकडे तर तो कोरसला, वर्गातल्या मुलांना सांगावे तसे, गाणे म्हणा रे, असे सांगतो. म्हणजे ज्यांचे गाणे त्यांच्या तोंडून त्याने ते काढून घेतले नाही. ते त्यांच्याच तोंडी ठेवले आणि त्याच्या शेजारी आपली जागा केली.

मी इथेच अडकले. ही जागा करणे म्हणजे काय?

लोक म्हणतात, गाणे त्यांचे. पण 'त्यांचे' कधीपासून? 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी माल विकण्यासाठी दक्षिणेतल्या गाण्यांचे दोन कप्पे केले. कृष्णवर्णीय गायकांच्या रेकॉर्डना नाव 'रेस', गोऱ्या खेडुतांच्या रेकॉर्डना 'हिलबिली'. 1949 मध्ये 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने आपल्या याद्यांची नावे बदलून 'रिदम अँड ब्लूज' आणि 'कंट्री अँड वेस्टर्न' केली. म्हणजे रे चार्ल्सने रेकॉर्ड काढली तेव्हा ज्या कुंपणावरून त्याने उडी मारली असे लोक म्हणत होते, त्या कुंपणाची पाटी तेरा वर्षांची होती. कुंपणाखालची जमीन मात्र एकच होती. बँजो हे वाद्य गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या हातून अमेरिकेत घडले. कंट्रीचा बादशहा समजला जाणारा हँक विल्यम्स गिटार शिकला तो अलाबामातल्या रूफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या गायकाकडून; लोक त्याला टी-टॉट म्हणत. 'ग्रँड ओल ऑप्री'च्या पहिल्या लोकप्रिय कलाकारांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवाला होता. 1941 मध्ये त्याला काढून टाकले. तेव्हा रे चार्ल्स दुसऱ्याच्या घरात शिरला, असे म्हणणेही पुरते खरे नाही. त्याच्या आजोबा-पणजोबांनी ज्याच्या भिंती रचल्या, त्या घराचे दार त्याने ठोठावले.

पण हा युक्तिवाद मला पुरत नाही. कारण त्याचा अर्थ असा होतो की मुळात आमचाही वाटा आहे, म्हणून आम्हाला गाण्याचा हक्क आहे. सातबाऱ्यावर नाव निघाले म्हणून जमीन आमची. आणि नाव निघाले नसते तर? ज्याच्या आजोबाने बँजो वाजवला नाही त्याने ते गाणे म्हणूच नये काय?

इथे मला माझ्या दोन भाषा मदतीला येतात. मराठीत 'हक्क' म्हटले की माणूस हात पुढे करतो : माझे मला द्या. उर्दूत 'हक' या शब्दाला आणखी बाजू आहेत. हक म्हणजे सत्य. अल्लाहच्या नावांतले एक नाव 'अल-हक' आहे. आणि हक म्हणजे दुसऱ्याचे माझ्यावर असलेले देणे. शेजाऱ्याचा हक, मुसाफिराचा हक, आईच्या दुधाचा हक. हा हक मागायचा नसतो, अदा करायचा असतो. कोणी एखादी चीज जीव ओतून गायली की जुनी माणसे म्हणतात, हक अदा कर दिया. त्या वाक्यात गाणाऱ्याचा हक्क कुठेच नाही. हक आहे तो गाण्याचा, गाणाऱ्यावर.

या बाजूने पाहिले की प्रश्नच बदलतो. गाणे कोणाचे, हा प्रश्न मागे पडतो आणि गाण्याचे देणे कोणी फेडले, हा पुढे येतो. रे चार्ल्सने ते कसे फेडले ते दिसते. त्याने मूळ लपवले नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'कंट्री अँड वेस्टर्न' लिहिले, ते लिहिल्याने आपले गिऱ्हाईक बिचकेल हे माहीत असूनही. त्याने ती गाणी थट्टेने किंवा नक्कल म्हणून गायली नाहीत. खेडुताचे दुःख खेडुताइतकेच खरे मानले. आणि त्याने ती होती तशी परत केली नाहीत. आपल्याजवळचे जाझ, ब्लूज आणि चर्च त्यांत घालून परत केली. मला हे अमानतीसारखे वाटते. अमानत ही आपल्या मालकीची नसते, म्हणूनच ती आपल्या वस्तूपेक्षा जास्त सांभाळायची असते.

आपल्याकडेही उदाहरण आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे. मिरजेत राहिले, मराठी नाट्यपदे त्यांनी रेकॉर्डवर गायली, 1937 मध्ये गेले आणि मिरजेच्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. तिथल्या उरुसात आजही गवई त्यांच्या नावाने हजेरी लावतात. मराठी पदांवर त्यांचा हक्क किती, असे विचारणारा आज हास्यास्पद ठरेल. कारण त्यांनी हक अदा केला.

आता कोणी म्हणेल, बाई, हे ऐकायला गोड आहे. पण दुबळ्याला 'तू तुझे देणे फेड' असे सांगणे बलवानाला नेहमीच सोयीचे असते. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळत नाही. 1956 मध्ये लिटल रिचर्डचे 'टुटी फ्रुटी' पॅट बून या गोऱ्या गायकाने गायले आणि ते पॉपच्या यादीत मूळ गाण्याच्याही वर गेले. बूनने गाणे चोरले नाही, गीतकाराचे नावही झाकले नाही. पण ज्या घरांत त्याचा आवाज सहज गेला, तिथे लिटल रिचर्डला दार उघडायला लोक तयार नव्हते. एका बाजूने दार उघडे आणि दुसऱ्या बाजूने बंद असेल, तर घेणे हे घेणे राहत नाही, ती लूट होते. आणि रे चार्ल्सचे काय झाले? साऱ्या देशात पहिल्या क्रमांकावर गेलेले त्याचे कंट्री गाणे कंट्रीच्या यादीत आलेच नाही. कंट्री संगीताच्या सन्मानगृहात, म्हणजे 'हॉल ऑफ फेम'मध्ये, त्याला जागा मिळाली ती 2022 मध्ये. तो 2004 साली वारला होता. अठरा वर्षे उशीर, आणि तोही मेल्यावर.

तेव्हा हक अदा केला की हक्क आपोआप मिळतो, असे मी म्हणणार नाही. तसे होत नाही. पण रे चार्ल्सने हक्काची लढाई सोडून गाणे धरले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. मार्च 1961 मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात त्याचा कार्यक्रम ठरला होता. सभागृहात कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवणार, हे तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याला कळवले. त्याने गायला नकार दिला. आयोजकाने दावा लावला आणि त्याला दंड भरावा लागला. त्याच्यावरच्या 2004 च्या चित्रपटात दाखवले आहे तशी राज्यबंदी वगैरे काही झाली नव्हती. त्याने दंड भरला आणि तो पुढे गेला. त्याच जॉर्जिया राज्याने 1979 मध्ये त्याने गाजवलेले गाणे राज्यगीत केले आणि विधिमंडळासमोर त्याच्याकडून गाऊन घेतले.

ऑगस्टाच्या नकारानंतर अकराच महिन्यांनी त्याने गोऱ्या दक्षिणेची गाणी ध्वनिमुद्रित केली. ज्यांच्या सभागृहात त्याने पाऊल ठेवायचे नाकारले, त्यांच्याच दुःखाला त्याने आवाज दिला. मला यात विरोध दिसत नाही. सभागृहातली दोरी अन्यायाची होती, ती त्याने नाकारली. गाणे अन्यायाचे नव्हते, ते त्याने स्वीकारले. दोरी आणि गाणे यांतला फरक कळणे, हीच मला त्याची खरी नजर वाटते. रागाच्या भरात आपण पुष्कळदा दोन्ही फेकतो. आणि भीतीच्या भरात दोरीसुद्धा गळ्यात घालून घेतो.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या उर्दू शाळेतल्या आठवीच्या एका मुलीने तालुक्याच्या लोकगीत स्पर्धेसाठी नाव दिले. सांस्कृतिक कार्यक्रम माझ्याकडे होते. मी म्हटले, गाऊन दाखव. तिने जात्यावरची ओवी म्हटली. सासरी दळण दळणाऱ्या लेकीची, माहेराच्या वाटेकडे डोळे लावलेली. तिची दादी जात्यावर म्हणायची ती ओवी. दादी आमच्यासारखीच कोकणी बोलणारी, पाच वेळच्या नमाजाची पाबंद. तिची चाल आणि शेजारच्या वाडीतल्या आजीबाईंची चाल यांत काही फरक नव्हता. असता तरी कसा? पाऊस तोच, तांदूळ तेच, जाते तेच आणि लेकीचे दुःखही तेच.

मुलगी सुरेल गायली. आणि मी म्हटले, छान आहे, पण ही नको. ही आपली नाही. आपण उर्दू शाळेचे, उर्दू तराना घेऊ.

ती गप्प राहिली. मी दिलेला तराना तिने पाठ केला, स्पर्धेत गायली, उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन आली. परीक्षकांनी उच्चार स्वच्छ असल्याचे सांगितले. सगळे ठीक झाले.

मी तसे का केले? तेव्हा मनाला सांगितले होते की पालक काय म्हणतील, परीक्षक काय म्हणतील. आमच्या लोकांना वाटेल की मुलीला त्यांची गाणी शिकवते. त्यांना वाटेल की हिने आमची ओवी का म्हणावी, किंवा 'उर्दू शाळेची असून किती छान मराठी' असे कौतुक करतील, ज्यात एक टाचणी असते. ही टाचणी मला नवी नाही. माझे लेख छापून आले की तसेच कौतुक होते. पण खरी गोष्ट अशी की कोणीच काही म्हटले नव्हते. ना पालकांनी, ना परीक्षकांनी. कुंपण कोणीही घातले नव्हते. ते माझ्याच डोक्यात होते आणि मीच त्याची पाटी त्या मुलीसमोर धरली.

रे चार्ल्सच्या शाळेतल्या त्या दोन विभागांबद्दल वाचून मी पुस्तक मिटले, असे वर लिहिले आहे. ते का मिटले ते आता कळले असेल. ज्या मुलीला कोणताही रंग दिसत नव्हता, तिला रंगावरून वेगळे बसवण्याचे काम मी केले. मी मराठीत लिहिते, मराठीवर माझा हक्क आहे असे चार ठिकाणी सांगते. आणि माझ्याच वर्गात, आपल्या दादीच्या गाण्याचा हक अदा करायला निघालेल्या मुलीला मी थांबवले.

यंदा जूनमध्ये ती शाळेत आली होती. दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. आता कॉलेजात जाते. प्रत तयार होईपर्यंत माझ्याजवळ बसली. दादी गेल्याचे तिने सांगितले. मी धीर करून विचारले, ती ओवी आठवते का गं?

"कौन सी, टीचर?" तिने विचारले. मी सांगितले. तिने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाली, "याद नहीं रही."

खरेच आठवत नव्हती, की माझ्यासमोर आठवायची नव्हती, ते मी विचारले नाही. दाखला घेऊन, सलाम करून ती गेली.

अल्लाहचे हक अल्लाह आपल्या करमाने माफ करतो, पण बंद्यांचे हक ज्या बंद्याचे असतील त्यानेच माफ करायचे असतात, हे आम्ही दीनियातच्या तासाला मुलांना शिकवतो. मामूंनी न वाजवता जपलेली रेकॉर्ड आता माझ्या कपाटात आहे. ती मोबाइलवर कधीही ऐकता येते. दादीची ओवी कुठेच ऐकता येत नाही. ती ज्या एका गळ्यात उतरली होती, तिथून मी ती परत पाठवली. तो हक माझ्याकडे बाकी आहे, आणि तो माझ्या लिहिण्याने फिटणारा नाही.